धागा: "पिशवी काढून टाका" म्हणाले. ४६ व्या वर्षी एवढाच उपाय उरतो काय?

काउंटर_नंबर_३ (वडगाव, बेळगाव)
२ जून, रात्री ११:५२

झोप येईना म्हणून लिहायला बसलोय. (आमच्याकडं बायका 'बसलोय'च म्हणतात. पुण्यामुंबईच्या मंडळींनी व्याकरण तपासत बसू नये.)

वय ४६. एका सोसायटीत कॅश काउंटरला आहे. गेलं दीड वर्ष पाळीचा नेम म्हणून राहिला नाही. आधी वीस-बावीस दिवसांनी यायची, मग दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ-दहा दिवस धो धो. मागच्या महिन्यात काउंटरवरनं उठलो तर खुर्ची खराब झालेली. समोर लोकांची लाइन. शिपाई मावशीनं आपली शाल आणून माझ्या कमरेला बांधली म्हणून निभावलं. डिसेंबरात, बेळगावच्या थंडीत, मी रात्री दोनला पंखा लावून बसायचो आणि नवरा दोन रग घेऊन कुडकुडायचा. वर आणि नोटा मोजताना चुकतंय. बावीस वर्षांत कॅश कधी कमी-जास्त झाली नव्हती, या वर्षात तीनदा.

एका दवाखान्यात गेलो. सोनोग्राफीत गर्भपिशवीला २ सेंटिमीटरची गाठ निघाली. पाच मिनिटांत निकाल लागला: "दोन मुलं झाली न्हवं? मग पिशवी काढून टाका, कटकट मिटली. अंडाशयंपण काढून घेऊ, पुढं कॅन्सरची भीती नको." पुढच्या सोमवारची तारीखसुद्धा दिली. आई म्हणते, जाताना असंच जातं, सोसायचं. जाऊबाई म्हणते, मी काढली, तूही काढ, देवाधर्माला मोकळी होशील. कुणाचं ऐकू?

संकेश्वरी_मिरची
३ जून, सकाळी ६:१०

आधी ती सोमवारची तारीख रद्द कर. मग बाकीचं वाचू. जीव चाललाय असं काही नाही न्हवं? मग एक आठवडा थांबून दुसऱ्या डॉक्टरला दाखवलीस तर काय बिघडतंय?

माझंही असंच चाललेलं. वाफा (अंगात एकदम गरम झळ उठती न्हवं, त्या), धडधड, केस गळती, वजन. सगळे म्हणायचे 'वय झालं'. शेवटी एका डॉक्टरनं टीएसएच करायला लावलं, थायरॉइड निघालं. गोळी सुरू झाली आणि निम्म्या तक्रारी गेल्या. उरलेल्या निम्म्या वयाच्या निघाल्या, ती गोष्ट वेगळी.

जांबोटी_रोड
३ जून, दुपारी १:३५

मी खानापूर तालुक्यात आशा म्हणून काम करतो. ताई, तुमचं हिमोग्लोबिन किती ते लिहिला नाहीसा. ते आधी बघा. नोटा चुकणं, दम लागणं, पायात गोळे येणं हे रक्त कमी झाल्यानंपण होतंय. बाईला १२ च्या वर पाहिजे. आमच्या गावात ७ वर असलेल्या बाया भात लावणीला वाकतात आणि म्हणतात 'जरा अशक्तपणा हाय'.

किती जातंय ते पण डॉक्टरला मोजून सांगा. तासाला एक पॅड बदलायला लागतंय काय, दहाच्या नाण्याएवढ्या गुठळ्या पडतात काय, सात दिवसांच्या वर चालतंय काय. नुसतं 'लई जातंय' म्हटलं की त्यांना काय कळणार?

आणि एक गंमत, गंमत कसली म्हणा. आमच्या बाया सगळ्यालाच 'अंगावरनं जातंय' म्हणतात. पांढऱ्यालाही तेच, लाललाही तेच. मागं नवीन डॉक्टर आलेल्या, मंड्याकडच्या. त्यांना मराठी कळेना, बाईला कन्नड जमेना. बाईचं लाल जात होतं आणि त्यांनी पांढऱ्याच्या गोळ्या दिल्या. तेव्हापासनं मी सांगतो, दोन-चार शब्द पाठ करून जावा: पाळी म्हणजे 'मुट्टु', पांढरं म्हणजे 'बिळि', वाफा येत असतील तर 'मै बिसि आगतैती'. रक्ताला त्यांच्यातही रक्तच म्हणतात, तेवढं बरं हाय.

स्त्रीरोग_निवृत्त
३ जून, रात्री ९:२०

३१ वर्षं हेच काम करून निवृत्त झाले. इथं बसून कुणाला तपासता येत नाही, पण काउंटरताईंच्या पत्रातल्या तीन-चार गोष्टींवर बोलते.

पाळी 'गेली' हे त्या दिवशी कधीच कळत नाही. सलग १२ महिने आली नाही की मागं वळून म्हणायचं, तेव्हा गेली. आपल्या देशात हे सरासरी ४६-४७ च्या सुमाराला होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याच्या आधीची जी चार-पाच वर्षं, काहींची आठ-दहाही, तिला पेरिमेनोपॉज म्हणतात. बहुतेक त्रास याच काळातला.

लोकांना वाटतं, हार्मोन हळूहळू कमी होत जातात, दिव्यातलं तेल संपावं तसे. तसं नसतं. तुमच्या शेतावरची थ्री-फेज आठवा. लाइट गेली तर मोटार नुसती बंद पडते. व्होल्टेज कमी-जास्त झालं की मोटार जळते. या वर्षांत इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, असं खालीवर होत असतं, कधी कधी तर तरुणपणापेक्षाही वर जातं. ज्या महिन्यात बीज बाहेर पडत नाही त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. मग नुसत्या इस्ट्रोजेनवर पिशवीचं अस्तर वाढत राहतं, त्याला आवर घालणारं कुणी नसतं, आणि ते कधीतरी एकदम सुटतं. धो धो जाण्याचं एक मोठं कारण हे.

वाफांचं मूळ मेंदूत आहे. शरीराचं तापमान राखणारी जी जागा तिथं असते, ती इस्ट्रोजेन घटल्यावर फार हळवी होते. अंग जरासं तापलं तरी तिला वणवा लागल्यासारखं वाटतं. ती कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडते, घाम सोडते. पंखा लावला की दहा मिनिटांत थंडी वाजते ती त्यामुळंच. नवऱ्याचे रग काढून घेऊ नका, त्याचा दोष नाही.

आता गाठीबद्दल. २ सेंटिमीटरची गाठ या वयात कितीतरी बायकांना असते. पाळी गेल्यावर बहुतेक गाठी आपणच आक्रसतात. गाठ पिशवीच्या आतल्या पोकळीत वाढत असेल तर लहान असूनही रक्त जास्त जातं, म्हणून ती नेमकी कुठं आहे हे विचारा. नुसती 'गाठ आहे' एवढ्यावर पिशवी काढायची नसते. मात्र वय ४५ च्या पुढे आणि रक्तस्राव असा बेभरवशाचा, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासायला हवा, बायोप्सी. ती झाली का? नसेल तर ऑपरेशनची तारीख कशावरून काढली?

ती बायोप्सी नीट आली तर पर्याय बरेच आहेत. पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, किंवा तांबीसारखं पण हार्मोन सोडणारं साधन, मिरेना नावानं मिळतं. ते बसवल्यावर पहिले काही महिने डाग पडत राहतात, त्याला कंटाळून काढायला येऊ नका. आधी कधी रक्तवाहिनीत रक्ताच्या गाठी झालेल्यांनी ट्रॅनेक्झॅमिक घ्यायचं नाही, तसं झालं असेल तर डॉक्टरला स्वतःहून सांगायचं.

अंडाशयांचा विषय मला सर्वांत खटकला. या वयात चांगली अंडाशयं काढली की जे पाच-सात वर्षांत व्हायचं ते एका रात्रीत होतं. हाडं आणि हृदय दोन्हींना त्याची किंमत पडते. घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर विचार वेगळा.

पिशवी काढणं चूक असं मी म्हणत नाही. मी स्वतः शेकड्यांनी काढल्या आहेत. मोठ्या गाठी, औषधांना न जुमानणारं रक्त, अस्तरात खराब बदल, अशा वेळी तेच बरोबर असतं. पण ते सगळं करून झाल्यावर करायचं काम आहे.

अथणी_फड
४ जून, सकाळी १०:०५

डॉक्टरबाई, शेवटच्या ओळीवरनं लिहितो. आमच्या भागात दिवाळी झाली की साखर कारखाने पेटतात आणि बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येतात. आमच्या फडात तोडायला आलेल्या सहा बायांत तिघींच्या पिशव्या काढलेल्या, एक तर तिशीतली. विचारलं तर म्हणाली, पाळीत खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, पिशवीच नाही तर खाडाच नाही. २०१९ ला हा विषय महाराष्ट्राच्या विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही बसली. ती बाई आता पस्तिशीत म्हाताऱ्यासारखी कंबर धरून चालते. अंडाशयं ठेवली का काढली हे तिला कुणी सांगितलंच नाही, आणि कागद तिच्याकडं नाही.

म्हणून सगळ्यांना सांगतो, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. आणि काय काय काढलं ते वाचून घ्या कुणाकडनं तरी.

गावठी_उपाय
४ जून, दुपारी ३:४०

एवढ्या भानगडी कशाला? आमच्या ओळखीचे एक जण पुडी देतात, ३ महिन्यांत वाफा, रक्त सगळं बंद. १०० टक्के गुण. नंबर हवा असेल तर

राखणदार
४ जून, दुपारी ३:५८

वरच्या प्रतिसादातला नंबर उडवला आहे. धाग्यावर औषधविक्री चालणार नाही.

स्त्रीरोग_निवृत्त
४ जून, सायंकाळी ७:१५

पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर घेऊ नये, एवढंच. त्यात स्टिरॉइड असू शकतं; पहिले दोन महिने अंगात हत्तीचं बळ येतं, मग साखर आणि रक्तदाब वर.

कॅम्पातला
५ जून, रात्री १०:३०

पुरुषानं लिहिलं तर चालेल काय? बायको ४८ ची. शांत बाई. हल्ली उसळीत मीठ कमी म्हटलं तर ताट ढकललं. पहाटे तीनला उठून सोफ्यावर बसते. मी विचार केला हिला नीट झोप मिळावी, म्हणून दुसऱ्या खोलीत झोपायला लागलो. तर आठवड्यानं रडली, म्हणे 'तुम्हालापण मी नकोशी झाले.' माझं चुकलं कुठं?

संकेश्वरी_मिरची
५ जून, रात्री १०:४७

चुकलं ते न विचारता गादी हलवलात तिथं. आणि भांडणात 'पाळी आलीय काय' हे कधी विचारू नका. खरी आली असली तरी विचारू नका.

माझ्यापुरतं सांगतो. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद केला, रात्रीच्या जेवणातली तिखटाची भाकरी दुपारवर आणली (नाव मिरची असून हे लिहिताना जीवावर येतंय), आणि सकाळी रोज किल्ल्याभोवती चालायला लागलो तेव्हा झोप जरा जागेवर आली.

स्त्रीरोग_निवृत्त
६ जून, सकाळी ८:००

कॅम्पातले, रात्री चार वेळा घामानं उठणाऱ्या माणसाला दिवसा मीठ सहन होत नाही. आधी झोपेकडं बघा. पण उदासी दोन आठवड्यांवर टिकली, कशातच मन लागेना, किंवा जगून काय करायचं अशी भाषा आली, तर 'वय आहे' म्हणून सोडू नका. या वर्षांत नैराश्याचा धोका खरोखर वाढतो, आणि ज्यांना आधी कधी झालं होतं त्यांना जास्त. त्याचे उपचार आहेत. त्यातल्या काही गोळ्यांनी वाफाही कमी होतात.

आणखी एक, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते. पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर पुढं दोन वर्षं, पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष काळजी घ्यायची. ४७ व्या वर्षी 'पाळी गेली वाटतं' म्हणत आलेल्या आणि पाच महिन्यांच्या निघालेल्या दोघी मला आठवतात. एकीच्या सुनेचंही तेव्हाच होतं.

निपाणीची_सून
६ जून, दुपारी २:२०

सगळं वाचूलालोय. माझं तर उलटंच. मी ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. वाफाबिफा आल्या आणि गेल्या. परवा यात्रेला जाऊन आल्यावर दोन दिवस थोडं लाल दिसलं, मागं उन्हाळ्यातही एकदा दिसलेलं. सासूबाई म्हणाल्या, अंगात अजून ताकद हाय, परत तरणी झालीस. हसून हसून पुरेवाट झाली आमची. म्हणून म्हणतो काउंटरताई, तूही फार मनावर घेऊ नकोस, जातंय आपोआप.

एक विचारायचं होतं. हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो हे खरं काय? माझ्या बहिणीला दिल्यात, ती घ्यायला भितेय.

स्त्रीरोग_निवृत्त
६ जून, दुपारी २:५५

निपाणीताई, बहिणीचं नंतर. आधी तुमचं.

पाळी जाऊन वर्ष झाल्यानंतर दिसलेला लाल डाग, एकच दिसला तरी, थोडा दिसला तरी, तपासायचाच. या सगळ्या धाग्यात मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या प्रतिसादाची वाटली. काउंटरताईंचं रक्त भरपूर जातंय, पण त्यांची पाळी अजून चालू आहे. तुमची संपली आहे. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं: आतली कातडी पातळ झालेली असते, किंवा पॉलिप, म्हणजे अस्तराला फुटलेला छोटा कोंब, असतो. पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर असला तर तो पहिल्यांदा असाच दिसतो, आणि त्या वेळी सापडला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. ४ मिलिमीटरच्या वर असेल, किंवा डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तर बायोप्सी. तुम्हाला दोनदा दिसलंय. या महिन्यात जा.

जांबोटी_रोड
६ जून, दुपारी ३:१०

अक्का, हे वाच. सासूचं ऐकू नको. आमच्या गावात एक जण असंच 'परत तरणी झाली' म्हणत दीड वर्ष बसलेली.

काउंटर_नंबर_३
६ जून, रात्री ११:१५

सोमवारची तारीख रद्द केली. हिमोग्लोबिन ८.१ आलं. टीएसएच नीट आहे.

निपाणीची सून, उत्तर दे गं.

संकेश्वरी_मिरची
८ जून, सकाळी ७:००

त्या हार्मोनच्या गोळ्यांचं सांगा डॉक्टरबाई. मलापण दिलेल्या, मी कपाटात ठेवल्यात.

स्त्रीरोग_निवृत्त
८ जून, रात्री ८:४०

ही भीती २००२ सालची आहे. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता, एका गटाला हार्मोन, दुसऱ्या गटाला औषध नसलेली, नुसती दिसायला तशी गोळी. जुलै २००२ मध्ये तो मधेच थांबवला, कारण हार्मोनच्या गटात स्तनाचा कॅन्सर थोडा जास्त दिसला: १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जास्त. पेपरांत मथळे आले आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. मथळ्यात हे आलं नाही की त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-दहा वर्षं उलटलेल्यांना नव्यानं हार्मोन दिले होते.

पुढं तीच आकडेवारी वयानुसार सोडवून पाहिली. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास फार असेल आणि बाकी प्रकृती धड असेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त असतो. वाफांवर याहून गुणाचं औषध नाही. पिशवी असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर अस्तर वाढतं. कातडीवर लावायच्या जेलनं किंवा पट्टीनं रक्ताच्या गाठीचा धोका गोळीसारखा वाढत नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना, गाठी किंवा पक्षाघात झालेल्यांना, लिव्हर खराब असणाऱ्यांना, आणि कारण न कळलेला रक्तस्राव चालू असणाऱ्यांना देत नाहीत. मिरचीताई, कपाटातलं पाकीट आपल्या मनानं सुरू करू नका. ते घेऊन डॉक्टरकडं जा आणि 'मला का दिलंत, किती दिवस' हे विचारा.

पाळी जात आली का हे बघायला एफएसएच नावाच्या हार्मोनची रक्त तपासणी करतात, तिच्यावर पैसे घालवू नका. ४५ नंतर लक्षणं आणि पाळीचा इतिहास पुरतो. आज ४० येईल, पुढच्या महिन्यात १०. व्होल्टेजचं सांगितलंच आहे.

नाव_नको
९ जून, रात्री १२:३०

पाळी गेल्यापासून सारखी लघवीला जळजळ, आणि नवरा जवळ आला की फाटल्यासारखं दुखतं. हे कुणाला सांगायचं?

स्त्रीरोग_निवृत्त
९ जून, सकाळी ७:४५

डॉक्टरला, याच शब्दांत. इस्ट्रोजेन कमी झाल्यानं तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते. वाफा काही वर्षांत जातात, हे मात्र उपचार न करता वाढतच जातं. आत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, रक्तात फारच थोडं उतरतं, आणि वारंवार होणारा लघवीचा संसर्गही त्यानं कमी होतो. लाजून दहा वर्षं काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

अथणी_फड
११ जून, सकाळी ९:५०

हाडांचं कुणी बोललं नाही. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्यानं झिजतात असं आमच्या सूनबाईनं वाचून दाखवलं. आमची ज्वारीची भाकरी चांगली, पण कॅल्शियम नाचणीत: १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. दिवसाला हजार-बाराशे लागतंय म्हणे. म्हणून आता सकाळी नाचणीची अंबील ताक घालून, तिळाची चटणी, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या कळश्या. कळश्या तर जन्मभर उचलल्या, आता त्याला व्यायाम म्हणायचं एवढंच.

काउंटर_नंबर_३
२४ ऑगस्ट, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. दुसऱ्या डॉक्टरनी बायोप्सी केली, नीट आली. गाठ पोकळीत नाही, बाहेरच्या अंगाला आहे, म्हणाल्या असू दे. लोहाची दोन सलाईनं, आणि ते साधन बसवलं. दोन महिने डाग डाग डाग. वैतागून काढायला निघालेलो, डॉक्टरबाईंचं वाक्य आठवलं आणि थांबलो. या महिन्यात चार दिवस, तेही थोडंच. हिमोग्लोबिन ११.२. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेत होतो, ते बंद करायला लावलं. चहानं लोह अंगी लागत नाही. वाफा आहेत अजून. कॅश जूनपासनं चुकली नाही.

सोनोग्राफीचा खर्च गृहलक्ष्मीच्या (आमचं कर्नाटक सरकार घरच्या बाईला महिन्याला देतंय त्या) दोन महिन्यांच्या पैशातनं केला. नवऱ्यानं विचारलं कुठं गेले पैसे, म्हटलं माझ्यावरच गेले.

निपाणीची सून कुठं आहे?

निपाणीची_सून
२५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

इथंच हाय. लाज वाटली म्हणून लिहिलो नाही. जूनमधी गेलोच नाही. पेरणी, मग पोराचं ॲडमिशन. परवा परत दिसलं. सासूबाईच म्हणाल्या, आता हसायचं नको, जाऊन ये. कोल्हापूर जवळ हाय, पण बेळगावच्या गाडीला शक्ती योजनेवर (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट हाय ती) फुकट येतंय, आणि घरात खर्चाचं कुणाला सांगायला नको. मंगळवारी सकाळी सातच्या गाडीनं निघतोय. आधार घेतलोय, जुने कागद घेतलोय. एकटीच येतोय. स्टँडवरनं दवाखान्याला रिक्षा किती घेते?

काउंटर_नंबर_३
२५ ऑगस्ट, दुपारी १२:१४

रिक्षा करू नको. स्टँडच्या दारात थांब, मी रजा टाकलोय. निळी साडी, हातात छत्री.